डायनामो की अल्टरनेटर?

बालमित्रांनो, आजोबांच्या काळातली फियाट 1100 सिग्नलला थांबली, की तिचे दिवे मंद का होतात, ठाऊक आहे? तिच्यातली वीज डायनामो तयार करतो. त्यात तारेची गुंडाळी फिरते. इंजिन मंदावलं, की वीजही रोडावते. अल्टरनेटरचं उलटं! त्यात विद्युतचुंबक फिरतो, वीज देणारी गुंडाळी स्थिर राहते. त्याला जास्त वेग झेपतो, म्हणून इंजिन हळू चालतानाही बॅटरी चार्ज होते. 1960 साली अमेरिकेतल्या क्रायसलरच्या व्हॅलियंट मोटारीत तो आला.

मग जुन्या गाडीला काय बसवावं? रात्री गर्दीतून जायचं तर अल्टरनेटरच. मंद दिवे म्हणजे अपघाताला आमंत्रण! फक्त रविवारी सकाळी फेरफटका असेल, तर डायनामोच नव्याने वाइंडिंग करून घ्यावा. आणि काढलेला डायनामो भंगारात देऊ नका हं! जुन्या गाडीचं मूळ रूप पुन्हा हवं झालं, तर तोच लागेल.