खोलात अडकलेला स्क्रू

ग्रास कटर, फवारणीचा पॉवर पंप किंवा साखळी करवत यांच्या छोट्या पेट्रोल इंजिनाचे बरेचसे स्क्रू वरून दिसतच नाहीत. कवचातल्या अरुंद, खोल भोकाच्या तळाशी त्यांची डोकी दडलेली असतात. यामागे कारण आहे. बाहेर डोकावणारे डोके फांदीत अडकते, आपटून मोडते. शिवाय बाहेरच्या नटाला पाना फिरवायला जागा लागते, तर ॲलन किंवा टॉर्क्स बोल्टला सरळ आत जाणारी चावी पुरते. पण पावसाळ्यात रान साफ करणाऱ्या यंत्राच्या त्याच भोकात गवताचा चोथा, ऑइल आणि माती थरांनी साचून दगडासारखी होते. कोकणात खारी हवाही मदतीला येते.

म्हणून पहिले काम जोर लावण्याचे नाही, भोक साफ करण्याचे. डोक्यातल्या खाचेत मळ राहिला तर चावी पूर्ण आत बसत नाही आणि पहिल्याच झटक्यात कडा झिजवते. दाभण किंवा बारीक तार घेऊन खाच कोरून काढावी, थोडे रॉकेल घालावे, हवा मारावी. चावी तळाला टेकल्याचे हाताला कळले पाहिजे. मापही नेमके हवे: एम ५ च्या ॲलन बोल्टला ४ मिलिमीटरची चावी लागते, एम ६ ला ५ ची. करवतींमध्ये अनेकदा टॉर्क्स टी २७ असतो. त्यात टी २५ जाते, फिरतेही आणि खाच खाऊन टाकते. फिलिप्सची फुली उतरत्या कडांची असल्यामुळे जोर वाढला की पेचकस वर सरकतो. जपानी धाटणीच्या स्क्रूवर बहुधा एक बारीक ठिपका असतो; त्याला जेआयएस पेचकसच नीट बसतो.

बोल्ट अडण्याची कारणे वेगवेगळी, तसे उपायही वेगळे. पोलादी बोल्ट आणि ॲल्युमिनियमची बॉडी यांच्यात ओलावा शिरला की ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च बसते. इथे गंज सोडवणारे पातळ तेल घालून रात्रभर मुरू द्यावे. सायलेन्सरचे बोल्ट उष्णतेने पकडतात. काही बोल्टना कारखान्यातच आटे धरून ठेवणारा द्रव लावलेला असतो. निळ्या रंगाचा प्रकार सहसा हातच्या पान्याने सुटतो, लाल मात्र सुमारे २५० अंश सेल्सियस तापल्याशिवाय सहज हलत नाही.

तापवण्याची युक्ती सर्वांत जास्त कामाला येते. तापमान १०० अंशांनी वाढले तर एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते, पोलाद जेमतेम १.२. म्हणजे बॉडी तापली की तिचे भोक आवळत नाही, उलट बोल्टपेक्षा जास्त पसरते. म्हणून उष्णता बोल्टच्या डोक्याला नव्हे, भोवतालच्या ॲल्युमिनियमला द्यावी. द्रवाने चिकटलेला बारीक स्क्रू मात्र सोल्डरिंग आयर्न डोक्याला टेकवून तापवतात. त्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून लांब ठेवणे आवश्यक. पेट्रोलच्या वाफेला ठिणगीदेखील पुरते. हॉट एअर गन ज्योतीपेक्षा बरी, तरी जवळचे प्लास्टिक वितळते याचे भान हवे.

त्यानंतर इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीचा घाव बसताच तो बिट खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, त्यामुळे खाच सुटत नाही. पातळ कवच तडकू नये म्हणून खाली लाकडाचा भक्कम आधार द्यावा. फिरवण्याची दिशा आधी तपासावी: ग्रास कटरच्या पात्याचा नट आणि साखळी करवतीचा क्लच यांना बहुधा उलटे आटे असतात. अशा वेळी ‘सोडवण्याचा’ प्रत्येक प्रयत्न तो घट्टच करतो.

खाच पार गोल झाली असेल तर ॲलनच्या भोकात किंचित मोठा टॉर्क्स बिट ठोकून बघतात. तेही न जमल्यास डोके ड्रिलने उडवावे; एम ५ साठी साधारण ५ मिलिमीटरचा ड्रिल. डोके निघाले की बोल्टवरचा ताण संपतो, कव्हर वर येते आणि उरलेला दांडा बऱ्याचदा पक्कडीने फिरतो. दांडा आत तुटला असेल तर डावखुरा ड्रिल वापरावा, तो भोक पाडतापाडताच तुकडा फिरवून बाहेर काढू शकतो. एक्स्ट्रॅक्टर शेवटी. तो कठीण पोलादाचा असतो आणि आत मोडला तर साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. बॉडी मॅग्नेशियमची असेल तर कीस झाडून लगेच दूर करावा, तो पेट घेतो.

बोल्ट निघाल्यावर आट्यांतून टॅप फिरवून भोक साफ करतात. एम ५ ला ०.८ चा पीच. आटे गेलेच असतील तर मोठ्या भोकात तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवता येतात. नवा बोल्ट लावताना सायलेन्सरच्या जागी उष्णता सोसणारे अँटी-सीझ हलकेच लावावे. द्रवाने धरलेल्या जागी ते चालत नाही, तिथे पुन्हा निळा द्रवच.