पेशीपटलाचा कारभार

जिवंत पेशीला बाह्य सृष्टीपासून विभक्त करणारे जे पेशीपटल, त्याची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाइतकीही भरत नाही. १९२५ साली हॉलंडातील लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील स्निग्ध द्रव्ये वेगळी काढून पाण्यावर पसरली, त्यांचा विस्तार पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरतो असे पाहिले, आणि हे पटल दुपदरी असले पाहिजे असा निष्कर्ष काढला. पुढे मात्र दीर्घकाळ विद्वानांचे लक्ष पटलात रुतलेल्या प्रथिनांकडेच लागून राहिले. हुकूम घेणारी आणि पोहोचवणारी काय ती प्रथिने, स्निग्ध द्रव्ये म्हणजे त्यांच्या पायाखालची निर्जीव जमीन, अशी समजूत रूढ झाली. ती स्निग्ध द्रव्यांवर अन्याय करणारी आहे, आणि याचा सर्वांत सबळ पुरावा आपल्याच त्वचेत मिळतो.

बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली केराटिनपेशी विभाजन सोडून वरच्या थरांकडे निघते आणि सुमारे महिनाभरात, केंद्रक गमावून व चपटी होऊन, अखेर अंगावरून गळून पडते. या विभेदनाची सुरुवात करून देण्यात कॅल्शियमचा वाटा मोठा, हे १९८० साली हेनिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या पेशींवर दाखवून दिले: द्रवात कॅल्शियम अत्यल्प असेपर्यंत पेशी वाढत राहतात, ते वाढवताच वाढ थांबवून प्रौढ होऊ लागतात. परंतु कॅल्शियमची ही वर्दी आत पोहोचते कशी? पटलाच्या आतल्या पदरात फॉस्फॅटिडिल-इनॉसिटॉल बिस्फॉस्फेट नावाचे एक स्निग्ध द्रव्य अगदी अल्प प्रमाणात असते. फॉस्फोलायपेज हे विकर त्याचे दोन तुकडे करते, त्यांपैकी एक पेशीच्या अंतर्भागात उतरून तेथील कॅल्शियमचे साठे मोकळे करतो, तर दुसरा पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी या विकराला कार्यास लावतो. येथे संदेश वाहणारा स्वतः पटलाचाच अंश असतो.

अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशींची हकीकत याहूनही विलक्षण आहे. लोझान येथील जोव्हान्नी दॅन्जेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात एकाच माणसाच्या त्वचेतील, वरवर एकसारख्या दिसणाऱ्या पेशींची स्निग्ध द्रव्ये एकेका पेशीगणिक तपासली गेली, आणि त्यांतील स्फिंगोलिपिड नावाच्या द्रव्यांच्या घडणीवरून पेशींचे वेगवेगळे वर्ग पडतात असे आढळले. हे वर्ग नुसते बाह्य लक्षण नव्हते. ही घडण बदलली असता पेशींच्या जनुकांचे व्यवहारही बदलले, कारण एफजीएफ-२ या वाढीच्या संदेशाला काही स्फिंगोलिपिडे बळ देतात, तर काही त्याला आवर घालतात. पेशीने कोणती भूमिका पत्करावी या निर्णयात पटलाचे मत असते, ते असे.

बाह्यत्वचेत तर हीच स्निग्ध द्रव्ये शेवटी पेशीलाही पुरून उरतात. वरच्या थरांत शिरण्यापूर्वी पेशी ग्लुकोसिलसेरामाइड हे स्फिंगोलिपिड सूक्ष्म कणिकांत साठवून बाहेर सोडते, तेथे विकरे त्यातील शर्करा काढून सेरामाइड तयार करतात, आणि भिंतीतल्या विटांमध्ये चुना भरावा तसे ते, कोलेस्टेरॉल व मेदाम्लांसह, मृत पेशींच्या फटींत बसते. या भरावाला आहारातून लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल न मिळाल्यास काय होते, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ साली दाखवले होते: स्निग्धांशरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांची कातडी खवलेदार झाली.

तथापि चुन्याची उपमा अपुरीच पडते. हार्लेक्विन इक्थिओसिस या अतिदुर्मीळ विकारात बालक जाड, चिरफाळलेल्या कवचासारख्या त्वचेसह जन्मते. एबीसीए-१२ या स्निग्धवाहक प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्याचे कारण, असे २००५ साली निश्चित झाले. अशा त्वचेत केवळ फटी भरण्याचे काम अडत नाही, तर प्रोफिलॅग्रिनपासून फिलॅग्रिन हे प्रथिन घडणेही बिघडते, म्हणजे विभेदनच वाटेत खोळंबते. आणि रुग्णाच्या पेशींत प्रयोगशाळेत ते जनुक निर्दोष रूपात घातले असता ग्लुकोसिलसेरामाइडचे वहन पुन्हा सुरू झालेले दिसले.