शीळ, चाबूक आणि शांतता

‘पार्श्वसंगीत’ हा शब्द मला नेहमीच थोडा अन्यायाचा वाटत आला आहे. पार्श्व म्हणजे कडेचं, बाजूचं. नट पुढे उभे राहून बोलतायत आणि कडेला कुणीतरी व्हायोलिनवर गज फिरवतोय, अशी काहीशी आपली समजूत असते. चित्रपट पाहून बाहेर पडताना आपण गाणी गुणगुणतो. पार्श्वसंगीत कुणाचं होतं, हे विचारायचं सुचत नाही. पण एक धून अशी आहे, की चित्रपट न पाहिलेल्यांनीही ती ऐकलेली असते. दोन माणसं डोळ्यांत डोळे घालून समोरासमोर उभी ठाकली, की आसपासचा कुणीतरी टवाळ ती तोंडाने हमखास वाजवतो. कोल्हेकुईसारखी सुरू होणारी, पुढे शिळेवर जाणारी ती धून १९६६ सालच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटातली. ती रचणाऱ्या एनिओ मॉरिकोनेबद्दल आज बोलायचं आहे.

मॉरिकोने रोमचा. १० नोव्हेंबर १९२८ला तिथे जन्मला आणि ६ जुलै २०२०ला तिथेच गेला. वडील ट्रम्पेटवादक. मुलानेही तेच वाद्य वाजवावं आणि त्यावर घर चालवावं, असा त्यांचा हिशेब. महायुद्धाच्या काळात हा पोरगा वडिलांच्या जागी वाजवायला जाई. रोममध्ये आलेल्या अमेरिकी सैनिकांपुढे वाजवायचं आणि बदल्यात खायला मिळवायचं. पोटासाठी वाजवण्याचा हा अपमान तो म्हातारपणीही विसरला नव्हता. पुढे सांता चेचिलिया या रोमच्या प्रतिष्ठित संगीत विद्यालयात तो गोफ्रेदो पेत्रास्सी या मोठ्या रचनाकाराकडे रचना शिकला आणि १९५४ साली त्याने पदविका घेतली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. युरोपात त्या काळी पेत्रास्सींच्या वर्तुळात संगीत म्हणजे मैफलीचं संगीत. नवे प्रयोग, नवे नाद, सुरावटीला जवळजवळ रजा. चित्रपटासाठी संगीत करणं म्हणजे अभिजात गायकीची तालीम घेतलेल्या शिष्याने लग्नाच्या बँडात जाऊन उभं राहण्यासारखं होतं. मॉरिकोनेला हे पक्कं ठाऊक होतं. पण १९५६ साली मारियाशी लग्न झालेलं, संसार मांडलेला. तो एका ध्वनिमुद्रिका कंपनीत गाण्यांचं वाद्यवृंद-संयोजन करू लागला. आपल्या हिंदी चित्रपटसृष्टीत सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या कलावंतांनी जे केलं, तेच हे काम. चाल दुसऱ्याची, पण ती कोणत्या वाद्याने उचलायची, मधल्या जागा कशाने भरायच्या, हे सगळं ‘अरेंजर’ने कागदावर उतरवायचं. (आणि पडद्यावर त्याचं नाव शोधत बसायचं!) मॉरिकोनेने या कामात एक खोडी केली. तो गाण्यांत पाण्याचे, डब्यांचे, यंत्रांचे आवाज घालू लागला. विद्यालयात शिकलेला प्रयोग त्याने मागच्या दाराने बाजारात आणला. त्याची पुढची सगळी कारकीर्द मला या मागच्या दाराचीच गोष्ट वाटते.

१९६१पासून त्याच्या नावावर चित्रपट दिसू लागले. मग त्याच्याकडे आला सर्जिओ लिओने. दोघं प्राथमिक शाळेत एका वर्गात होते, हे भेट झाल्यावर लक्षात आलं. लिओनेला इटलीत बसून अमेरिकेतल्या घोडेस्वार-बंदूकबाजांचा चित्रपट काढायचा होता. पैसा बेताचा. अशा चित्रपटांना हॉलिवुडमध्ये भरघोस वाद्यवृंद लागे. तो इथे परवडण्यासारखा नव्हता. मॉरिकोनेने पूर्वी एका अमेरिकी लोकगीताचं संयोजन केलं होतं. त्यात चाबकाचा फटकारा, घंटा, ऐरणीवरचा घाव असे आवाज होते. लिओनेने ते ऐकलं आणि म्हणाला, मला हेच हवं. गायकाचा आवाज काढला गेला, त्या जागी नवी चाल आली आणि ती अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी या गिटारवादकाने शिळेवर वाजवली. सोबतीला इलेक्ट्रिक गिटार. त्या काळातल्या घोडेस्वाराच्या हाती इलेक्ट्रिक गिटार कुठून येणार? पण १९६४ साली ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ पाहणाऱ्यांना हा प्रश्न पडला नाही. श्रेयनामावलीत मॉरिकोनेचं नाव होतं डॅन सॅव्हिओ. इटालियन मंडळींनी अमेरिकी नावं घेऊन केलेला तो चित्रपट. लिओनेसुद्धा बॉब रॉबर्टसन झाला होता.

याच चित्रपटाच्या शेवटच्या द्वंद्वासाठी लिओनेला एका गाजलेल्या अमेरिकी चित्रपटातली ट्रम्पेटची धून जशीच्या तशी हवी होती. मॉरिकोनेने साफ नकार दिला. मग त्याने टीव्हीवरच्या एका नाटकासाठी कधीकाळी केलेली स्वतःची अंगाईची चाल काढली, ती ट्रम्पेटवर त्या ढंगात वाजवून घेतली आणि लिओनेच्या हाती ठेवली. अंगाईवर बंदुका चालल्या. लिओने खूश. जुनं सामान असल्याचं त्याला नंतर कळलं, तेव्हा चिडण्याऐवजी तो पुढच्या चित्रपटांच्या वेळी विचारू लागला, की दुसऱ्या दिग्दर्शकांनी नाकारलेलं काही असेल तर तेही वाजवून दाखव. मॉरिकोनेने यावर वेगळा उपाय काढला. दिग्दर्शक चांगलं सोडून सुमार निवडतात, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. म्हणून प्रत्येक नवी चाल तो आधी मारियाला ऐकवायचा. ती संगीत शिकलेली नव्हती. तिला पसंत पडेल तेवढंच पुढे जाई.

आता तो नेमकं काय करत होता, ते एका उदाहरणाने सांगतो. १९६५च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये खलनायकाकडे खिशातलं एक घड्याळ आहे. झाकण उघडलं की त्यातून किणकिण सूर निघतात. सूर थांबले की गोळी झाडायची, हा त्याचा नियम. सुरुवातीला हे फक्त घड्याळ असतं. पडद्यावरच्या माणसांना ऐकू येणारं. हळूहळू त्या किणकिणीखाली वाद्यवृंद येतो. तो मात्र फक्त आपल्याला ऐकू येतो. मेलेल्या एका मुलीची आठवण त्या घड्याळात आहे, हे आपल्याला संवादांच्या आधी सुरांमधून जाणवतं. शेवटच्या द्वंद्वात घड्याळाचे सूर संपत येतात, समोरच्या माणसाचं पिस्तूल तर जमिनीवर पडलेलं आहे, आणि अशा क्षणी तीच किणकिण दुसरीकडून सुरू होते. तसंच दुसरं घड्याळ घेऊन क्लिंट ईस्टवूड उभा! इथे संगीत कडेला कुठे आहे? प्रसंगच ते चालवतंय.

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मधली कोल्हेकुई म्हणजे दोन पुरुषांचे घोगरे आवाज एकमेकांवर चढवलेले. हाताशी सूर किती, तर जेमतेम दोन. तेच सूर एका पात्रासाठी बासरीवर, दुसऱ्यासाठी ऑकरिना या मातीच्या फुंकवाद्यावर आणि तिसऱ्यासाठी माणसांच्या गळ्यातून. थोडक्या सुरांत भागवायचं हे व्रत त्याला विद्यालयाने दिलं होतं. तिथे ते श्रोत्यांना कोरडं वाटलं असतं. इथे कोट्यवधी लोक ते तोंडाने वाजवतायत.

त्या वर्षांत मॉरिकोने रोममधल्या ‘नुओवा कोन्सोनान्त्सा’ नावाच्या प्रायोगिक गटात ट्रम्पेटही वाजवत होता. चाल नाही, ताल नाही, वाद्यातून निघतील ते आवाज काढायचे, असा तो गट. अशाच वातावरणातली फ्लॉरेन्समधली एक मैफल त्याने ऐकली होती. रंगमंचावर एक माणूस आला आणि शिडी हलवून तिची करकर ऐकवत राहिला. लोक चक्रावले. मॉरिकोनेने मात्र त्यातून एक धडा घेतला: रोजचा आवाज त्याच्या जागेवरून उचलून शांततेत ठेवला, की तो वेगळाच होतो. हे त्याने लिओनेला सांगितलं. १९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची सुरुवात पाहा. ओसाड स्टेशनावर तीन मारेकरी गाडीची वाट बघतायत. संगीत नाही. पवनचक्कीची कुरकुर, टोपीवर टपटपणारं पाणी, चेहऱ्यावर घोंघावणारी एक माशी. कितीतरी मिनिटं एवढंच. मग गाडी येते, जाते आणि पलीकडून माऊथ ऑर्गनचा एक कण्हता सूर येतो. आधीची शांतता नसती, तर त्या सुराने अंगावर काटा आला नसता.

या चित्रपटाचं संगीत चित्रीकरणाच्या आधी तयार होतं आणि लिओने ते सेटवर वाजवत असे. नट त्या लयीत चालत, कॅमेरा त्या लयीत वर चढे. नायिका स्टेशनाबाहेर पडते, कॅमेरा छपरावरून उंच जातो आणि पलीकडे अख्खं गाव उघडतं. त्या क्षणी एद्दा देल्लोर्सोचा शब्दांवाचूनचा आवाज जो उसळतो, तो नंतर चिकटवलेला नाही. तिकडच्या लोकांना या पद्धतीचं भारी अप्रूप. आपल्याला का वाटावं? आपल्याकडे गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि मग सेटवर वाजवून चित्रित होतं; कित्येक दशकं हेच चाललं आहे. लिओनेने आपली गाण्याची रीत पार्श्वसंगीताला लावली, एवढंच. आपल्या संगीतकारांना मात्र ही चैन पार्श्वसंगीतात क्वचितच मिळाली. गाण्यांवर महिने जायचे आणि पार्श्वसंगीत प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना उरकायचं, ही तक्रार जुनीच आहे. तरीही १९७५च्या ‘शोले’त ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आठवा. त्यावर लिओनेच्या या चित्रपटाची छाया आहेच. पण गोळ्यांनंतरच्या सामसुमीत कुरकुरणारा तो झोपाळा! राहुलदेव बर्मन यांचं संगीत असलेल्या चित्रपटात सर्वांत भयंकर ‘वाद्य’ तो झोपाळा ठरला.

पुढची यादी लांबच लांब आहे. चित्रपट आणि टीव्ही मिळून चारशेवर कामं, शिवाय मैफलीसाठीच्या शंभरावर रचना. सगळं टेबलाशी बसून, पियानोला हात न लावता, थेट कागदावर. आणि प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः लिहिलेली. हॉलिवुडमध्ये हे काम बहुधा दुसऱ्यांना वाटून दिलं जातं. मॉरिकोनेला ते मान्य नव्हतं. अर्थात इतक्या कामात सगळंच अव्वल नाही. काही ठिकाणी तो स्वतःचीच नक्कल करतो, असं मला वाटतं.

पण १९८६चा ‘द मिशन’ घ्या. अठराव्या शतकातला एक जेझुइट पाद्री दक्षिण अमेरिकेच्या जंगलात एकटा जातो. भाषा येत नाही, भोवती धनुष्यबाण घेतलेले लोक. तो खडकावर बसतो आणि ओबो वाजवू लागतो. चित्रपट संगीताविना पाहिल्यावर मॉरिकोने हेलावून म्हणाला होता, की याला संगीत नकोच. मी ते बिघडवीन. मग त्याने काम घेतलं, तेव्हा तीन बंधनं होती. नटाची बोटं ओबोवर ज्या हालचाली करून गेली होती, त्यांना जुळणारी, त्या काळच्या युरोपातल्या अलंकारांची चाल हवी. जेझुइटांचं म्हणून चर्चमधलं समूहगान हवं. आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा ताल हवा. आपलं संगीत एका ओळीने चालतं; पाश्चात्त्य संगीतात अनेक ओळी एकाच वेळी, आपापली चाल न सोडता चालतात. मॉरिकोनेने आधी ओबो आणि समूहगान एकत्र आणलं, मग समूहगान आणि ताल, आणि शेवटी तिन्ही. जंगलातली माणसं आणि पाद्री यांचं पडद्यावर जे टिकत नाही, ते सुरांत काही मिनिटं टिकतं. सांता चेचिलियातली सगळी विद्या इथे मागच्या दाराने नव्हे, पुढच्या दाराने आली.

या संगीताला ऑस्कर मिळालं नाही. ते गेलं ‘राउंड मिडनाइट’ला, ज्यात आधीपासूनची जाझची गाणी पुष्कळ होती. मॉरिकोनेने ही खंत कधी लपवली नाही. १९८४च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’चं तर कागदपत्रांच्या ढिलाईमुळे नामांकनही हुकलं होतं. पण तो चित्रपट पाहून पेत्रास्सींच्याच तालमीत वाढलेल्या एका जुन्या सहाध्यायाने त्याला पत्र लिहिलं आणि इतकी वर्षं कमी लेखल्याबद्दल माफी मागितली. ऑस्करपेक्षा हे पत्र त्याला जास्त मोलाचं वाटलं असावं, असा माझा अंदाज आहे.

हॉलिवुडने त्याला तिकडे घर देऊ केलं होतं. तो गेला नाही. इंग्रजी शिकला नाही. २००७ साली सन्माननीय ऑस्कर स्वीकारताना तो इटालियनमध्ये बोलला आणि शेजारी उभा राहून क्लिंट ईस्टवूडने ते इंग्रजीत सांगितलं. स्पर्धेतलं ऑस्कर आलं ते २०१६ साली, ‘द हेटफुल एट’साठी, वयाच्या ८७व्या वर्षी. त्या चित्रपटात काही तुकडे १९८२च्या ‘द थिंग’साठी केलेले आणि तिथे न वापरले गेलेले होते. दुसऱ्यांनी नाकारलेलं वाजवून दाखव म्हणणारा लिओने १९८९मध्येच गेला होता.

पडून मांडीचं हाड मोडल्याचं निमित्त झालं आणि मॉरिकोने गेला. आपल्या निधनाची बातमी त्याने स्वतःच लिहून ठेवली होती. कुणाला त्रास नको म्हणून अंत्यसंस्कार खासगी करावेत, एवढी विनंती. मग मित्रांची, बहिणींची, मुलांची, नातवंडांची नावं. सर्वांत शेवटी मारिया. सर्वांत जड निरोप तिचाच, असं त्यात लिहिलं होतं.