इमारत खडकावर, आवार चिखलावर

मुंबईच्या उपनगरांत घर घेणारे कुटुंब सदनिकेचे क्षेत्रफळ, स्थानकापासूनचे अंतर, पाण्याची वेळ आणि फरशीचा प्रकार बारकाईने तपासते. ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे तिची चौकशी मात्र क्वचितच होते, कारण हे शहर बेसॉल्टच्या कातळावर वसले आहे आणि कातळावरचे घर खचत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कातळ आहे हे खरे, पण तो किती खोल आहे हे भूखंडागणिक बदलते. अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट हिल हा स्तंभाकृती बेसॉल्टचा सुमारे ६१ मीटर उंचीचा सुळका भर वस्तीत उभा आहे, आणि तिथून फार दूर नसलेले लोखंडवाला संकुल १९८० च्या दशकात दलदलीच्या जागेवर भराव टाकून उभे राहिले. एकाच उपनगरात, एकाच पिनकोडच्या आसपास, एका इमारतीचा पाया दीड-दोन मीटरवर कठीण मुरुमात बसतो, तर दुसरीला खडक गाठण्यासाठी खाडीचा सगळा चिखल भेदून खाली जावे लागते.

हा फरक ही उपनगरे ज्यावर वसली आहेत त्या साष्टी बेटाच्या घडणीतून आला आहे. बेटाच्या मधोमध कान्हेरीची डोंगररांग आहे. तिच्या पश्चिम उतारावर बोरिवली आणि पूर्व उतारावर मुलुंड, अशी या दोन्ही उपनगरांची जुनी वस्ती डोंगरपायथ्याच्या मुरुमावर, म्हणजे खडक कुजून तयार झालेल्या भरड, निचऱ्याच्या मातीवर वाढली. डोंगरापासून जसजसे दूर जावे तसतसा खडक खाली जातो आणि त्यावर समुद्राने आणून टाकलेली चिकणमाती येते: पश्चिमेला गोराई, मनोरी आणि मालाडच्या खाड्यांची, पूर्वेला मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग आणि घाटकोपरच्या कडेने पसरलेल्या ठाणे खाडीची. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्यांनी आपापला गाळ त्यात मिसळला. तिसरा थर माणसाने घातला. खाजणे, मिठागरे, तळी, विहिरी आणि मालाड-कांदिवलीपासून चांदिवलीपर्यंतच्या दगडखाणींचे खड्डे मुरूम, पाडकामाचा राबिट आणि कित्येकदा कचऱ्यानेही बुजवले गेले, आणि या तिसऱ्या थराचा भरवसा सर्वांत कमी, कारण तो कोणी, कधी आणि कशाने भरला याची नोंद सहसा कोठेच नसते.

जमिनीत काय आहे हे ठरवण्याचे काम बोअरिंगच्या माणसांचे. पुनर्विकासासाठी मोकळ्या झालेल्या भूखंडावर तीन पायांचा लोखंडी ट्रायपॉड उभा राहतो, त्याच्या माथ्यावरच्या कप्पीतून विंचचा दोर खाली येतो, आणि भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून केसिंग, म्हणजे पोलादी नळी, आत उतरवली जाते. ठरावीक खोलीवर खोदकाम थांबवून प्रमाणित भेदन चाचणी घेतली जाते. भारतीय मानक २१३१ नुसार ६३.५ किलो वजनाचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून दांड्यावर सोडतात. दांड्याच्या टोकाची दुभंगणारी नळी पहिले १५ सेंटिमीटर आत जाईपर्यंतचे ठोके हिशेबात धरत नाहीत, आणि पुढच्या ३० सेंटिमीटरसाठी लागलेले ठोके म्हणजे त्या थराचे एन-मूल्य. दांड्यावर खडूने खुणा केलेल्या असतात आणि एक कामगार मोठ्याने ठोके मोजत असतो. कठीण मुरुमात हा आकडा पन्नासच्या वर जातो आणि वहीत ‘रिफ्यूजल’ अशी नोंद होते. खाडीच्या मातीत चित्र उलटे असते: तिथे दोन-तीन ठोक्यांत नळी आत जाते, आणि काही वेळा घण सोडण्यापूर्वीच दांडा आणि घण यांच्या नुसत्या भाराने ती खाली सरकते. नळी उघडली की निळसर-काळा, बोटाला चिकटणारा, शिंपल्यांचे तुकडे असलेला आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ दिसतो. या गाळाचा न हललेला नमुना पातळ नळीत घेऊन, तिची दोन्ही तोंडे मेणाने बंद करून प्रयोगशाळेत पाठवतात, कारण त्यातील पाणी उडाले तर पुढच्या चाचण्यांना अर्थ उरत नाही.

खडक लागल्यावर हिऱ्याचे टोक असलेली नळी फिरवून दगडाचा सलग गाभा, म्हणजे कोअर, बाहेर काढतात आणि कप्पे असलेल्या पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात. एका धावेत जितके खोदले त्याच्या तुलनेत दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची एकूण लांबी किती, यावर खडकाची प्रत ठरते. पहिला दगड लागताच काम थांबवण्याचा मोह होतो आणि तो घातक असतो, कारण भरावातला एखादा मोठा धोंडा किंवा मुरुमात अडकलेला गोटा खडकाचा आभास निर्माण करतो; म्हणून खडकातही काही मीटर खाली जाऊन तो सलग असल्याची खात्री करावी लागते. मुंबईच्या खडकात आणखी एक फसवणूक आहे. इथे बेसॉल्टबरोबर ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला टफ, तुकड्यांचा ब्रेशिया आणि काचेसारखा टॅकिलिटिक बेसॉल्टही सापडतो. यांपैकी काही दगड बाहेर येताना टणक दिसतात, पण हवा आणि पाणी लागताच भुगा होऊ लागतात. कोअरची पेटी आठवड्यानंतर पुन्हा पाहणारा भूवैज्ञानिक त्या कामावर असणे हे ग्राहकाच्या दृष्टीने मोठे भाग्य मानले पाहिजे.

खचण्याची क्रिया सगळीकडे सारखी नसते. वाळवंटी प्रदेशात सैल मातीचे कण क्षार आणि थोड्या चिकणमातीने एकमेकांना धरून असतात. कोरडी असेपर्यंत ही माती भार पेलते, पण बागेचे पाणी किंवा फुटलेल्या नळाची गळती मुरली की ती बांधणी सुटते आणि घर अचानक बसते. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथले घर वर-खाली होते. खाडीची चिकणमाती मुळातच पाण्याने भरलेली असते. तिच्यावर भराव किंवा इमारत आली की तो भार आधी कणांमधले पाणी उचलते, आणि ते पाणी सूक्ष्म छिद्रांतून जसजसे बाहेर पडते तसतसा भार कणांवर येऊन थर आकसतो. या क्रियेला दृढीकरण म्हणतात आणि तिचे गणित कार्ल टेरझागी यांनी १९२५ मध्ये मांडले. त्यातील एक निष्कर्ष घर घेणाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे: थराची जाडी दुप्पट असेल तर पाणी निघून जाण्यास लागणारा काळ चौपट होतो. म्हणून खाडीकाठचा भराव ताबा मिळण्याच्या दिवशी सपाट आणि घट्ट दिसत असला तरी त्याचे बसणे पुढे वर्षानुवर्षे चालू राहू शकते.

बहुमजली इमारत या चिखलावर टेकवली जात नाही. तिच्यासाठी पाइल, म्हणजे खडकात रुतवलेले काँक्रीटचे खांब, घालतात. पाइल नीट खडकात बसले असतील तर इमारत जागची हलत नाही. हलते ते आवार, आणि उपनगरांतल्या भरावावरच्या सोसायट्यांत दिसणारी बहुतेक लक्षणे या विसंगतीची आहेत. प्रवेशद्वाराशी मूळ बांधकामानंतर एक जादा पायरी घालावी लागते, भिंतीलगतचा काँक्रीटचा पट्टा जोत्यापासून सुटतो, पार्किंगच्या लाद्या खोलगट होतात, कुंपणाची भिंत बाहेर कलते. याहून गंभीर नुकसान जमिनीखाली होते: इमारतीतून बाहेर येणारा सांडपाण्याचा नळ एका टोकाला स्थिर असतो आणि दुसऱ्या टोकाला खचत्या भरावाबरोबर खाली ओढला जातो, त्यामुळे सांधा सुटतो, मैला जमिनीत मुरतो आणि जवळच्या पाण्याच्या टाकीला तडा असेल तर त्यातही शिरू शकतो. खचणारा भराव पाइलच्या अंगाला घासत त्यालाही खाली ओढतो. हा जादा भार अभिकल्पात धरलेला नसेल तर पाइलवर ताण येतो. खडकापर्यंत न पोहोचलेल्या पाइलचे काय होते ते सॅन फ्रान्सिस्कोच्या मिलेनियम टॉवरने दाखवले. २००९ मध्ये पूर्ण झालेल्या त्या ५८ मजली इमारतीचे पाइल चिकणमातीच्या वरच्या वाळूत थांबले होते, आणि २०१६ पर्यंत ती सुमारे ४० सेंटिमीटर खचून कललेली आढळली.

बैठ्या आणि तीन-चार मजली बांधकामांची गोष्ट वेगळी आहे, कारण खोल पाइलचा खर्च त्यांना परवडत नाही आणि त्यांचे उथळ पाये वरच्या मातीवरच राहतात. सगळी इमारत सारखी बसली तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त बसला की भेगा पडतात. म्हणूनच भारतीय मानक १९०४ चिकणमातीवरील सुट्या पायांना एकूण ७५ मिलिमीटर खचण्याची मुभा देते, पण दोन खांबांमधील फरक त्यांच्या अंतराच्या सुमारे ६६६ व्या भागाहून जास्त होऊ देत नाही. मात्र उपनगरातली प्रत्येक भेग जमिनीच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. खाऱ्या हवेत गंजलेल्या सळईची भेग तुळई किंवा खांबाच्या लांबीने सरळ जाते, तिच्यावर तांबूस डाग असतो आणि काँक्रीटचा पापुद्रा सुटतो. पाया बसल्याची भेग विटांच्या सांध्यांतून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून निघते. भेगेवर काचपट्टी चिकटवून ती तडकते का हे काही महिने पाहणे आणि ओळंबा व पाणी भरलेली लेव्हलची नळी लावणे, ही साधने जुन्या गवंड्याच्या पिशवीत असतात आणि ती अजूनही उपयोगी पडतात. महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांवरील इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करावे लागते, पण त्यात बहुधा काँक्रीट आणि सळई तपासली जाते.

आता धोका शेजारून येतो. बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडच्या जुन्या गल्ल्यांत एक सोसायटी पाडून दोन-तीन तळघरांची इमारत उभी राहत असते आणि तिच्या भिंतीला लागून चार मजली जुनी सोसायटी उथळ पायावर नांदत असते. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंप रात्रंदिवस चालतात, भूजलाची पातळी शेजारच्या पायाखालीही उतरते आणि पाण्याचा आधार गेलेली माती दबते. खड्ड्याभोवती पाण्याला अटकाव करणारी पाइलची सलग भिंत घालणे, शेजारच्या इमारतींची काम सुरू होण्यापूर्वी छायाचित्रांसह पाहणी करणे आणि पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या बसवणे, हा त्यावरचा उपाय सर्वज्ञात आहे. तो टाळणाऱ्या विकासकाला क्षमा नसावी. डोंगराकडची जागाही निर्धोक समजता येत नाही, हे जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या उतारावरील वस्तीवर कोसळलेल्या आणि ६० हून अधिक बळी घेणाऱ्या दरडीने दाखवले आहे.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. जाड चिकणमातीचे दृढीकरण याहून अधिक काळ चालू शकते, म्हणून ग्राहकाने करारापूर्वीच माती परीक्षणाचा अहवाल मागितला पाहिजे आणि पुनर्विकासात जाणाऱ्या सभासदांनी तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवायला लावला पाहिजे. त्यात पाहायच्या गोष्टी अवघड नाहीत: भूखंडाच्या चारही बाजूंना बोअर घेतले आहेत की एका कोपऱ्यात, भरावाची आणि चिकणमातीची जाडी किती, खडकात किती मीटर गेले, भूजल कोणत्या महिन्यात मोजले. मे महिन्यातली पातळी ऑगस्टमध्ये कितीतरी वर आलेली असते. अहवाल मिळत नसेल तर जुना सातबारा आणि विकास आराखड्याचे जुने नकाशे उघडावेत, ज्यांत खाजण, मिठागर किंवा तळे यांच्या नोंदी सापडू शकतात, आणि गावठाणातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, कारण भरती कुठवर येत असे हे त्यांनी पाहिलेले असते.