थायमसची कसोटी आणि परळची प्रयोगशाळा

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1957 मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू केली. त्यापूर्वी पाचच वर्षे, 1952 मध्ये, डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतूनच ‘बॉम्बे’ या दुर्मीळ रक्तगटाची नोंद केली होती. रक्ताच्या विकारांबरोबरच जन्मजात प्रतिकारक्षमता-अभावाचे निदान हे आज या संस्थेचे मोठे कार्यक्षेत्र आहे. या विकारांपैकी सर्वांत घातक असा तीव्र संयुक्त अभाव, म्हणजे ‘स्किड’, समजून घ्यायचा तर छातीतील एका छोट्या ग्रंथीचे काम आधी पाहावे लागते.

थायमस, अर्थात यौवनलोपी ग्रंथी, उरोस्थीच्या मागे आणि हृदयाच्या वरच्या अंगाला असते. तान्ह्या बाळाच्या क्ष-किरण चित्रात तिची सावली ठळक दिसते, आणि वयात आल्यानंतर तिची जागा हळूहळू चरबी घेते. ती निरुपयोगी असल्याचा समज फार काळ टिकला. 1961 मध्ये जाक मिलर यांनी लंडनमध्ये नवजात उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांच्या रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घटल्या, परक्या उंदराची त्वचा त्यांच्या अंगावर रुजू लागली आणि या ग्रंथीचे महत्त्व प्रथमच कळले.

टी-पेशी होण्यासाठी अस्थिमज्जेतून थायमसमध्ये आलेल्या पेशीला ओळख नसते. येथे ती स्वतःच्या जनुकांचे तुकडे कापून नव्या क्रमाने जोडते आणि त्यातून तिच्या पृष्ठभागावर टी-ग्राही हा प्रथिनरेणू तयार होतो, ज्याच्या साह्याने ती पुढे आयुष्यभर परक्या रेणूंचा शोध घेते. ही जोडणी यादृच्छिक असल्यामुळे बहुतेक ग्राही निकामी आणि काही चक्क धोकादायक निघतात. म्हणून ग्रंथीच्या बाह्यकात पहिली कसोटी लागते: शरीराच्या स्वतःच्या एचएलए रेणूंना, म्हणजे ज्या रेणूंवर प्रथिनांचे तुकडे मांडून दाखवले जातात त्यांना, जी पेशी अजिबात ओळखत नाही ती मरते. मध्यांगात दुसरी कसोटी होते. तेथील पेशी ‘एअर’ नावाच्या जनुकाच्या प्रभावाखाली, एरवी केवळ स्वादुपिंडात बनणाऱ्या इन्शुलिनसारखी दूरच्या अवयवांची प्रथिनेही अल्प प्रमाणात तयार करून दाखवतात, आणि त्यांच्यावर तुटून पडू पाहणाऱ्या टी-पेशी नष्ट होतात किंवा त्यांपैकी काही इतरांना आवर घालणाऱ्या नियामक पेशी बनतात. आत आलेल्यांपैकी फार थोड्या पेशी जिवंत बाहेर पडतात. ही उधळपट्टी वाटली, तरी स्वतःच्या शरीराला इजा न करता असंख्य अनोळखी जंतूंना तोंड देण्याची सोय निसर्गाने तिच्यातूनच केली आहे, आणि या व्यवस्थेइतकी विस्मयकारक गोष्ट शरीरात क्वचितच आढळेल.

जनुके कापताना उरणारे डीएनएचे वर्तुळाकार तुकडे नव्या टी-पेशींबरोबर रक्तात येतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यात ते जवळजवळ नसतील, तर थायमसमधून पेशी बाहेर पडत नसल्याचा संशय येतो. फ्लो सायटोमीटर हे यंत्र चमकणाऱ्या रंगांनी खूण केलेल्या पेशी लेझर किरणासमोरून एकेक करून नेते आणि टी-पेशी किती, त्यांत ताज्या किती, हे मोजते. परळच्या संस्थेतील निदानाचा मोठा भार अशा तपासणीवर आहे.

भारतात स्किडच्या निदानाला घाई हवी, कारण येथे बीसीजी ही क्षीण केलेल्या पण जिवंत जंतूंची लस जन्मतःच दिली जाते आणि टी-पेशी नसलेल्या बाळात तेच जंतू सर्वांगात पसरू शकतात. घरातील आधीचे मूल तान्हेपणी जंतुसंसर्गाने दगावले असेल, तर नव्या बाळाची तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवणेच शहाणपणाचे ठरते.

दोष नेमका कुठे आहे, यावर उपचार ठरतो. स्किडमध्ये बहुधा ग्रंथीकडे येणाऱ्या पेशीच सदोष असतात. अशा वेळी दात्याच्या अस्थिमज्जेतील पेशी बाळाच्या स्वतःच्या थायमसमध्ये शिरतात आणि तिला कामाला लावतात. डायजॉर्ज विकाराच्या संपूर्ण प्रकारात मात्र ग्रंथीच घडलेली नसते, त्यामुळे तिथे थायमसच्या ऊतीचेच रोपण करावे लागते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरही नव्या टी-पेशी रक्तात दिसू लागण्यास काही महिने जातात, आणि त्या काळात बाळाला संसर्गापासून जपणे व जिवंत जंतूंच्या लसी टाळणे हाही उपचाराचाच भाग असतो.