दारीं आलेला यति

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं, तो अतिथि. असा पाहुणा वेषांतर करून घरीं उतरला, तर काय मौज होते, हें अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त पाहावें. या नाटकाचे पहिले तीन अंक १८८२ च्या नोव्हेंबरांत पुण्यास रंगभूमीवर आले.

बलरामास बहीण दुर्योधनास द्यावयाची असते. परंतु ज्याला टाळावयाचें, त्या अर्जुनालाच यति समजून तो घरीं आणतो आणि त्याच्या सेवेस सुभद्रेची योजना करितो! चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या याच.

यतिवेषाची ही कथा भागवताच्या दशमस्कंधांत आहे. महाभारताच्या आदिपर्वांत मात्र स्वयंवराचा भरंवसा नाहीं म्हणून कृष्ण अर्जुनास हरणाचा सल्ला देतो. सुभद्रेचें मन कोणी विचारीत नाहीं. किर्लोस्करांनीं तेंच मन नाटकाच्या मध्यभागीं ठेविलें.

मागें सोलापुरास आमच्या घरीं पुतणीचें लग्न जुळवीत होतों. पत्रिका, गोत्र, पगार, सारें पाहून झालें. तेव्हां माजघरांतून मातोश्री म्हणाल्या, “अरे बलरामा, सुभद्रेला विचारलंस का?”

सारे हसले. मग तिला विचारलें. ती “नाहीं” म्हणाली, आणि तें स्थळ आम्हीं सोडलें.

बलराम कांहीं दुष्ट नव्हता. बहिणीवर त्याची माया होती. विचारावयाचें तेवढें राहून गेलें होतें. आमच्या बैठकींतला बलराम मीच होतों, वाचकहो!