रानात जाणाऱ्या कुत्र्याला भाकरी कधी घालावी?

मैत्रिणींनो, कारवानी कुत्री पूर्वी शिकारीला नेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आली. आज आपल्या गटातल्या बायकांकडं ही कुत्री शेळ्यांची राखण करतात.

निघताना मायेनं पोटभर भाकरी घालू नये. खोल छातीचं कुत्रं भरल्या पोटी धावलं, तर पोट फुगून पीळ पडू शकतो. काही तासांत जीव जातो. म्हणून आम्ही मुख्य जेवण संध्याकाळी घालतो, परतल्यावर तासभर विसावा देऊन, धाप थांबल्यावर. सकाळी द्यायचंच तर निघण्याआधी तीन-चार तास, थोडंसं. रानात पाणी मात्र थोडं थोडं, वारंवार पाजावं.

पोट टम्म फुगलं, उलटीची उबळ येऊन काहीच पडेना, तर घरगुती उपायात वेळ न घालवता तातडीनं जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.